खोलीत फार माणसं आली की

निमंत्रणावर विषय छापलाय ‘रुग्णाची प्रतिष्ठा’. शब्द भारदस्त आहे. संविधानाच्या उद्देशिकेतही ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ आहेच. पण आम्ही इतकी वर्षं विद्यार्थिनींना घेऊन वॉर्डात हिंडतो, हा शब्द कुठल्या पेशंटच्या तोंडून काही ऐकलेला नाही. पेशंट म्हणतो, ‘लाज वाटते हो सिस्टर.’ म्हणतो, ‘जरा पडदा ओढा ना.’ किंवा काहीच म्हणत नाही, आणि दुपारपासून पाणी प्यायचं सोडून देतो. का, तर पॅन मागायला नको. मग संध्याकाळी जीभ कोरडी, लघवी कमी, डॉक्टर विचारतात इनटेक का कमी आहे, आणि चार्टवर त्याचं कारण लिहायला जागा नसते.

आम्ही म्हणजे नर्सिंग शिकवणाऱ्या तिघीजणी. टिपणं तिघींची आहेत, बोलायची पाळी आज एकीची. आज एकच मजकूर घेणार आहोत : अरुणा शानबाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिलेलं निकालपत्र. कायदा सांगायला आम्ही वकील नाही. पण हा मजकूर आम्ही वर्गात वाचायला देतो, कारण एका पेशंटबद्दल आणि तिच्या नर्सिंगबद्दल आपल्या देशात इतक्या तपशिलाने क्वचितच काही लिहिलं गेलंय. एक लिखाण म्हणून ते वाचायचं. कोण बोलतंय, कुणाबद्दल बोलतंय, आणि पेशंट त्यात कुठे आहे, एवढंच पाहायचं.

प्रकरण इथल्या बहुतेकांना माहीत असेल, तरी मागे बसलेल्या मुलींसाठी थोडक्यात सांगतो. २७ नोव्हेंबर १९७३. मुंबईच्या केईएम रुग्णालयात काम करणारी, मूळची कारवारकडच्या हळदीपूरची, पंचविशीची नर्स. ड्यूटी संपवून कपडे बदलत असताना तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेला, मेंदूचा प्राणवायू तुटला. हल्लेखोराला शिक्षा झाली ती जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची, सात वर्षं. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही. मुलीचं लग्न ठरलंय, बोभाटा नको, म्हणून तो भाग झाकला गेला, असं पुढे लिहिलं गेलं. मुंबईतल्या परिचारिकांनी तेव्हा संप केला होता. अरुणा त्यानंतर वॉर्ड नंबर चारला लागून असलेल्या खोलीत राहिली आणि १८ मे २०१५ रोजी न्युमोनियाने गेली. साडेएक्केचाळीस वर्षं.

म्हणजे तिच्या बाबतीत ‘अब्रू’ हा शब्द पहिल्याच दिवशी वापरून झाला होता, आणि तो गुन्हा झाकायला वापरला गेला. हे डोक्यात ठेवून पुढचं ऐका.

पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणावर १९९८ साली पुस्तक लिहिलं आणि २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मागणी अशी की तिला अन्न देणं थांबवावं आणि शांतपणे जाऊ द्यावं. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यान सुधा मिश्रा यांच्यापुढे ते चाललं. याचिका फेटाळली गेली. मात्र कायमच्या बेशुद्धावस्थेतल्या पेशंटचे उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीने थांबवता येतील, असा मार्ग त्याच निकालाने देशात पहिल्यांदा खुला केला. वर्तमानपत्रांनी लिहिलं ते याबद्दल, आणि तेही बरोबरच होतं.

आता मजकूर. सुरुवातीलाच गालिबचा एक शेर आहे. मरणाची आस धरून बसलेला माणूस त्यात स्वतःबद्दल बोलतो, की मरण येतं म्हणतात पण येत नाही. शेर मोठाच आहे. पण बोलतंय कोण? ज्या बाईच्या निकालावर तो चिकटवलाय तिने मरण मागितलेलं नाही. जगणंही मागितलेलं नाही. १९७३नंतर तिने अर्थ लागेल असं वाक्यच उच्चारलेलं नाही. आणि निकालपत्र उघडल्या उघडल्या तिच्या तोंडी प्रथमपुरुषी इच्छा घातली जाते. पुढे न्यायालय तिला मरू द्यायला नकार देतं, म्हणजे शेर आणि निकाल एकमेकांच्या विरुद्ध तोंड करून उभे राहतात. वॉर्डात हे रोज होतं, म्हणून आम्हाला ते टोचतं. पेशंट समोर पडलेला असतो आणि राउंडला आलेले डॉक्टर मुलाला विचारतात, ‘काय म्हणतायत आजी?’ आजींचा मुलगा सांगतो, ‘सुटका करा म्हणते.’ आजी त्या वेळी खिडकीकडे पाहत असतात.

मग याचिकेतलं वर्णन येतं. वजन उरलेलं नाही, हाडं ठिसूळ, दात गेलेले, मनगटं आत वळलेली. विराणींचा हेतू आम्हाला वाईट वाटत नाही. त्यांनी लिहिलं नसतं तर १९७३मध्ये काय झाकलं गेलं हे बाहेर किती आलं असतं, शंकाच आहे. सदतीस वर्षं हे असं चालू ठेवायचं का, हा त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. पण तो प्रश्न मांडताना त्या जो पुरावा देतात तो शरीराच्या दिसण्याचा आहे. पाहवत नाही, म्हणून प्रतिष्ठा उरलेली नाही. हा तर्क मान्य केला तर महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत आतल्या खोलीत खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्या माणसांचं काय करायचं? त्यांचेही दात गेलेत, मनगटंही वळलीत. पाहणाऱ्याला किळस आली किंवा कालवाकालव झाली, तर तो पाहणाऱ्याचा अनुभव झाला. पेशंटच्या खात्यावर तो कसा मांडायचा?

रुग्णालयाने दिलेलं उत्तर अगदी दुसऱ्या टोकाचं. तिला मासे आवडतात, गाणी आवडतात, शी-शूची जाणीव झाली की ती आवाज करते आणि नर्सेसना तो आवाज ओळखू येतो. एवढ्या वर्षांत एकही बेडसोर नाही. दोन्ही बाजूंची अरुणा इतकी वेगळी निघाली की खरं काय ते पाहायला न्यायालयाने तीन डॉक्टर नेमले. त्यांनी जानेवारी २०११च्या अखेरीस तिला तपासलं.

त्या तिघांचा अहवाल हा या निकालपत्रातला आम्हाला सर्वांत आवडणारा भाग आहे. कोरडा आहे, आणि म्हणूनच बरा. डोळे, प्रतिक्षिप्त क्रिया, स्नायू, सगळं क्रमाने लिहिलंय. त्यातच नर्सेसकडून कळलेल्या गोष्टीही येतात. आवडीचं अन्न, म्हणजे माशाचं किंवा चिकनचं सूप, आलं की चेहरा खुलतो. न आवडलेलं थुंकून टाकते. १६ सप्टेंबर २०१०पर्यंत तोंडाने खात होती, मग ताप आला, बहुधा मलेरिया, तेव्हा नाकातून नळी घालावी लागली. आणि खोलीत फार माणसं आली की ती अस्वस्थ होते. हळुवार हात फिरवला की शांत होते.

याच अहवालात निदान असं आहे, की कायमच्या ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’चे बहुतेक निकष तिला लागू पडतात. व्याख्येप्रमाणे त्या अवस्थेत स्वतःची आणि भोवतालची जाणीव नसते. मग सूप पाहून चेहरा खुलतो तो कुणाचा? आमच्यापैकी एकीचं म्हणणं, की पंधरा-वीस वर्षं एकाच माणसाचं करणाऱ्या नर्सला प्रतिक्षिप्त हालचालीतही हसू दिसायला लागतं, आईला तान्ह्याच्या झोपेत दिसतं तसं. दुसरीचं म्हणणं, वीस मिनिटांच्या तपासणीत जे सापडत नाही ते वीस वर्षांच्या पाळ्यांत सापडतं. आमचं एकमत झालेलं नाही. निकालपत्रातही होत नाही. तिथे नर्सेसची अरुणा आणि निदानाची अरुणा शेजारी शेजारी ठेवून मजकूर पुढे जातो. त्याबद्दल आमची तक्रार नाही, उलट घाईने मिटवलं नाही हे चांगलंच झालं.

तक्रार आहे ती पुढच्या गोष्टीबद्दल. डॉक्टरांनी तपासणीचं चित्रीकरण केलं होतं आणि अहवालासोबत त्याची सीडी दिली होती. २ मार्च २०११ रोजी ती सीडी भर न्यायालयात पडद्यावर दाखवण्यात आली. हजर असलेल्या सगळ्यांना तिची स्थिती पाहता यावी, म्हणून. हे आम्ही अंदाजाने सांगत नाही, निकालपत्रातच तसं नोंदवलंय. आणि त्यासाठी आधार दिलाय न्यूरेंबर्ग खटल्याचा, की तिथेही नाझी अत्याचारांचं चित्रीकरण कोर्टात दाखवलं होतं.

वर्गात आम्ही इथे थांबतो. पहिल्या वाचनात हे वाक्य कुणाला खटकत नाही. आम्हालाही खटकलं नव्हतं, हे कबूल करतो. दुसऱ्यांदा वाचताना एखादी मुलगी मागची पानं उलटते आणि म्हणते, ‘मॅडम, पण हिला तर खोलीत फार माणसं आलेली सहन व्हायचं नाही ना?’

बस्स. त्याच अहवालात लिहिलंय. खोलीत गर्दी झाली की तिला त्रास होतो, ही एका बाईची जवळजवळ एकुलती एक इच्छा, जी कुणालातरी वाचता आली. आणि ती इच्छा ज्या अहवालात नोंदलीय, त्याच्याच सोबतची सीडी वकील, पत्रकार, येणारे-जाणारे अशा भरल्या खोलीत लावली गेली. ती स्वतः तिथे नव्हती, तिला कळलंही नसेल, मग बिघडलं काय, असा प्रश्न येतो. नेमकं हेच उत्तर पडदा न लावणारे लोक देतात. ‘त्यांना काय कळतंय?’ बेशुद्ध पेशंटला स्पंज बाथ देताना अंगावरची चादर पूर्ण काढली तरी चालते असं वाटणाऱ्या प्रत्येकीच्या मनात हेच वाक्य असतं. पहिल्या वर्षाला आम्ही काय शिकवतो? जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी झाकलेलं. पेशंट जागा असो वा नसो, काय करतोय ते सांगून करायचं. त्याला कळतं की नाही, हे ठरवून मग झाकायचं, असं आम्ही शिकवत नाही.

न्यायालयाची बाजूही पाहू. समोर दोन परस्परविरोधी वर्णनं होती. ऐकीव माहितीवर कुणाच्या जगण्यामरण्याचा निर्णय देण्यापेक्षा डोळ्यांनी पाहावं, हे योग्यच होतं. पण पाहायचं होतं निकाल देणाऱ्यांना. ते दालनात बसून पाहता आलं असतं. बंद दाराआड सुनावणी ही काही परकी गोष्ट नाही, बलात्काराचे खटले आपल्याकडे तसेच चालवावे लागतात. फक्त, मघाशी सांगितलं तसं, तिचा खटला कागदावर बलात्काराचा कधी झालाच नव्हता.

आणि न्यूरेंबर्ग! नोव्हेंबर १९४५मध्ये ती फिल्म दाखवली गेली तेव्हा समोर आरोपी बसलेले होते. त्यांनी काय केलं हे त्यांच्यासमोर, जगासमोर ठेवायचं होतं. इथे आरोपी कोण? हल्लेखोर शिक्षा भोगून केव्हाच सुटला होता. त्याच्याविरुद्ध काही चाललेलं नव्हतं. मग चित्रीकरण कुणाच्या अत्याचाराचं? ते तर रुग्णालयातल्या एका खाटेवरच्या पेशंटचं, तिची काळजी घेतली जात असतानाचं. आणि त्या काळजीची स्तुती हेच निकालपत्र शेवटी करणार आहे. तुलना अशी निसटते, कारण लिहिणाऱ्याच्या मनात ती तोवर पेशंट राहिलेलीच नाही. ती पुरावा झालीय.

म्हणून पुढच्या भागात एक गमतीची गोष्ट दिसते. गमतीची म्हणजे विचार करायला लावणारी. अरुणाच्या वतीने बोलायचा हक्क कुणाचा? कायद्याच्या मराठीत याला ‘वादमित्र’ म्हणतात. न्यायालय म्हणतं, विराणी तिला मोजक्या वेळा भेटल्या, पुस्तक लिहिलं, पण खरे वादमित्र म्हणजे तिचं रात्रंदिवस करणारे केईएमचे कर्मचारी. आमच्या दृष्टीने या निकालातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, दयामरणापेक्षाही. रक्ताचं नातं नाही, कागद नाही. नातं आहे ते भरवण्याचं, पुसण्याचं, कूस बदलण्याचं. त्यातून बोलायचा अधिकार येतो, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवलंय. एवढं मोठं वाक्य नर्सिंगबद्दल दुसऱ्या कुणी लिहिल्याचं आम्हाला तरी आठवत नाही.

आणि लगेच पुढे ते वाक्य स्तुतीत बुडून जातं. समर्पण, उदात्त वृत्ती, प्रत्येक भारतीयाला अभिमान. निवृत्त कर्मचाऱ्यांनाही त्यात घेतलंय, हे मनाला बरं वाटतं. पण कौतुक करणाऱ्याने काम काय होतं ते बघितलंय का? एकही बेडसोर नाही, म्हणजे काय? माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची पाती, कान, इतक्या ठिकाणी दाब पडतो. नियम म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसाला बारा वेळा. वर्षाला ४,३८०. सदतीस वर्षांचे दीड लाखाहून अधिक होतात. प्रत्येक वेळी ओलं आहे का पाहायचं, चादरीची सुरकुती काढायची, पावडर नको तिथे नको. हे समर्पणाने होत नाही हो. समर्पण पहिला महिना टिकतं. नंतर ते ड्यूटीच्या तक्त्याने होतं. रात्री दोन वाजता कोण आणि चार वाजता कोण, हे ठरलेलं असल्याने होतं. शेजारी मदतीला मावशी उभी असल्याने होतं, कारण एकटीने कूस बदलली तर नर्सची कंबर जाते. या मावश्यांची नावं कुठल्याच मजकुरात नाहीत. आम्हालाही माहीत नाहीत.

भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष सांगतो : शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. आम्ही विद्यार्थिनींना रात्रपाळीला नेतो तिथे एका सिस्टरकडे चाळीस पेशंट पाहिलेत. दोन खाटांच्या मध्ये गादी टाकून एक. चाकांचा पडदा वॉर्डात एकच, आणि तो ज्याचं ड्रेसिंग चाललंय त्याच्याकडे. आता या सिस्टरला तुम्ही सांगा, अरुणाच्या नर्सेसचा आदर्श ठेव. ती काय ऐकेल? की जिथे एका पेशंटभोवती अख्खं रुग्णालय चाळीस वर्षं उभं राहिलं तिथे जे झालं, ते तू चाळिसांसाठी एकटीने, मनाच्या मोठेपणावर कर. स्तुतीचं हे ओझं आम्हाला शिवीपेक्षा जड वाटतं. शिवी दिली तर निदान युनियनला सांगता येतं.

न्यायालयाने मनुष्यबळाचा आदेश द्यायला हवा होता, असं आम्ही म्हणत नाही. प्रश्न तो नव्हता. पण निकालपत्रात ‘प्रतिष्ठा’ जिथे जिथे येते तिथे ती मरणाशेजारी येते, आणि नर्सिंग येतं ते भक्तीशेजारी. दोन्ही वेगळ्या खोल्यांत ठेवलीत. पुढे २०१८मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रतिष्ठेने मरण्याचा हक्क मान्य केला, आधीच इच्छापत्र करून ठेवायची सोय दिली. त्यातली किचकट प्रक्रिया जानेवारी २०२३मध्ये सुटसुटीत केली गेली. चांगलं झालं. आमच्यापैकी दोघींनी कागद करूनही ठेवलेत. नळी घालू नका, मशीन लावू नका, सगळं त्यात लिहिता येतं. लिहिताना मात्र आम्ही बराच वेळ एका ठिकाणी अडलो. मला भेटायला एका वेळी दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत, आणि अंग पुसताना पुरुष वॉर्डबॉय नको, हे कुठे लिहायचं? त्याला दोन साक्षीदार आणि नोटरी लागते का? वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, ते घरच्यांना सांगून ठेवा.

घरच्यांना! अरुणाच्या घरचे हळूहळू येईनासे झाले होते. तिचं हे सगळं ज्यांना माहीत होतं त्यांनी ते कुठल्या कागदावरून वाचलेलं नव्हतं. एका पाळीने दुसऱ्या पाळीला तोंडी सांगितलेलं होतं : हा आवाज काढला की शू आहे, हे सूप दे, डाळ दिली तर थुंकेल, बघायला आलेल्यांना आत घेऊ नको. सदतीस वर्षांनी कोर्टाचे डॉक्टर आले तेव्हा ते त्यांच्या कागदावर आलं.

त्या वाचनानंतर आम्ही वर्गात एक साधा बदल केला. पाळी बदलताना जी वही भरतात, त्यात बीपी, सलाइन, लघवीचं माप याखाली मुलींनी एक ओळ जास्तीची लिहायची. पेशंटला काय नको वाटतं, एवढंच. पहिल्या आठवड्यात निम्म्या जणींनी ‘काही नाही’ लिहिलं, कारण विचारलं की पेशंट तेच म्हणतात. मग एकीने लिहिलं : ‘बेड ९. आजी पाणी पीत नाहीत. पॅन हवं का विचारलं तर नको म्हणतात. न विचारता पडदा आणून ठेवला आणि मी बाहेर थांबले, तर पाच मिनिटांनी हाक मारली.’ ही ओळ दोन पाळ्या पुढे गेली. तिसऱ्या पाळीला वॉर्डातला पडदा दुसरीकडे नेलेला होता.